निळ्या दोऱ्याचा टॉवेल

आमच्या ईट गावच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली होती, कंडक्टरची दोनदा घंटी मारून झाली होती, आणि माझे मामा माझ्या डोक्यावर टोपी बसवत होते. टोपी बसत नव्हती. आहेराची टोपी कुणाच्याच डोक्याला बसत नाही, ती त्यासाठी शिवलेलीच नसते. मामांनी ती दोन्ही हातांनी खाली ओढली, खांद्यावर एक पिवळसर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "भाचा कॅनडाला चाललाय. पीएचडी करायला." खिडकीतून एका बाईनं डोकं बाहेर काढून विचारलं, "कशात?" मामा म्हणाले, "मार्केटिंगमधी." बाईनं डोकं आत घेतलं.

मी सव्वीस वर्षांचा होतो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आई पदर तोंडाशी धरून उभी होती. अण्णा बॅगेची चेन पुन्हापुन्हा ओढून बघत होते. "पोचलास की फोन कर, आन् मामाचा मान ठेव," आई म्हणाली. मान ठेवणं म्हणजे गावाबाहेर पडेपर्यंत टोपी डोक्यावर ठेवणं. मी ती पाण्याच्या टाकीपर्यंत ठेवली. टाकी मागं पडताच काढली, टॉवेलात गुंडाळली आणि बॅगेत खुपसली. याच टॉवेलानं पुढं मला नोकरी दिली, प्राध्यापक केलं आणि माझ्या आईला तिच्या नव्या घराच्या उंबऱ्याबाहेर बसवून ठेवलं. हे एकदा सगळं सांगून टाकल्याशिवाय माझं डोकं थंड व्हायचं नाही, म्हणून लिहितोय. जे ईटला राहिलेत त्यांनी वाचावं, आणि माझ्यासारखे जे बाहेर पडलेत त्यांनीही.

आधी मामांबद्दल. बापूमामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. वाशीत, म्हणजे नव्या मुंबईतल्या नव्हे, आमच्या शेजारच्या वाशीत, त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की लोक ती त्यांच्याकडं आणतात. ते जळकी तार काढतात, तांब्याच्या बारीक तारेचे वेढे मोजून नवी कॉइल भरतात. बोटांना आणि डोळ्यांना एवढं काम दिल्यावर तोंडाला फारसं उरत नसावं, कारण मामा बोलतात कमी. अकरावी-बारावीची दोन वर्षं मी त्यांच्याच घरी काढली. त्यांची दोन मुलं आणि मी, तिघांचे शर्ट एका मापाचे, बनियन एका मापाचे, टॉवेल एका दुकानातले. रोज सकाळी मारामारी. शेवटी मामीनं वैतागून माझ्या प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्याला निळ्या दोऱ्याचे चार टाके घातले. "निळं ते ईटकराचं, कुणी हात लावायचा न्हाय," असं तिनं जाहीर केलं. पुढं हॉस्टेलला गेल्यावरही मी माझ्या कपड्यांना तसेच चार टाके घालत राहिलो. या सवयीनं पुढं माझा घात केला.

कॅनडातल्या सस्काटूनला पोचलो तर तिथंही सपाट माळ, आपल्यासारखाच, फक्त पांढरा. आंघोळ करून मामांच्या टॉवेलानं अंग पुसायला गेलो तर पाणी नुसतं इकडचं तिकडं झालं. खळ घातलेलं ते कापड, पाण्याशी त्याचं जन्माचं वाकडं. मी तो विद्यापीठातल्या माझ्या खुर्चीच्या फाटक्या पाठीवर टाकला. एक दिवस माझ्या मार्गदर्शक बाईंनी विचारलं, हे काय आहे? मी सांगितलं की आमच्याकडं लग्नात, बारशात, निरोपात पुरुषांना टॉवेल-टोपी देतात. छान, म्हणाल्या, मग तुम्ही तो वापरता? म्हटलं, नाही, तो वापरायचा नसतो. मग काय करतात? दुसऱ्याला देतात. तो दुसरा वापरतो? नाही, तोही देतो. मग शेवटी वापरतं कोण? हा प्रश्न ईटमध्ये जन्मात कुणी विचारला नव्हता. "कुणीच नाही," मी म्हणालो. बाईंनी दार लावून घेतलं आणि खुर्ची ओढून बसल्या. त्या दिवशी माझा विषय ठरला.

आता तुम्हाला सांगायला नको, वाशीच्या कापडाच्या दुकानात टॉवेल मागितला की मालक मान वर न करता विचारतो, "वापरायचा का द्यायचा?" दोन्हींची फळी वेगळी. द्यायचा टॉवेल पातळ, घडी कडक, वर चकचकीत प्लास्टिक. हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही विचारण्यासारखं आहे असं वाटतच नाही. पण ग्राहकांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या माणसाला हे घबाड आहे. सगळं शास्त्र म्हणतं की माणूस वस्तू घेतो ती वापरायला, मिरवायला नाहीतर साठवायला. आमची वस्तू तिन्हींत बसत नाही. ती नुसती फिरते.

या घबाडाचा मला फायदा किती झाला आणि मनस्ताप किती, याचा निकाल अजून लागलेला नाही. परिषदेत निबंध वाचला की कुणीतरी हात वर करून विचारणार, "पण हे लोक नेमका उपभोग कधी घेतात?" अहो, घेत नाहीत, तेच तर पाऊण तास सांगतोय! दुसरा कुणी दयाळू चेहरा करून म्हणणार की गरिबीमुळं बिचाऱ्यांना एकच टॉवेल पुन्हापुन्हा द्यावा लागत असेल. त्याला शंभर एकरवाल्याच्या लग्नातला टॉवेलांचा ढीग कसा दाखवायचा? आणि तिकडं ईटमध्ये मार्केटिंग म्हणजे साबण विकणं, यावर गावाचं एकमत. "एवढं शिकून साबणच विकायला शिकवतूस व्हय?" असं मला तोंडावर विचारणारे सात जण मी मोजलेत. सुट्टीला गेलो की कुणी सोयाबीनचं मार्केटिंग करून दे म्हणतं, कुणी खव्याचं. मी म्हणतो, मी विकत नाही, लोक का घेतात ते बघतो. मग ते म्हणतात, बघून काय करतोस? अण्णांनी शेवटी कंटाळून 'पोरगं बँकेत हाय' असं सांगायला सुरुवात केली. लोकांचं समाधान झालं. माझं पीएचडीचं चौथं वर्ष चालू असताना मी बँकेत होतो.

अभ्यासासाठी पहिल्याच वर्षानंतर मी गावी आलो होतो आणि तो टॉवेल सोबत आणला होता. तो फिरतो कसा, किती दिवसांत, कुणाकडून कुणाकडं, हे मला बघायचं होतं. म्हणून कोपऱ्याला खूण केली. कसली? निळ्या दोऱ्याचे चार टाके. विचारसुद्धा केला नाही, हात आपोआप गेला. खळ लावली, इस्त्री मारली, प्लास्टिकात घातला आणि अण्णांच्या हातून ईटमधल्या एका लग्नात नवरदेवाच्या चुलत्याला दिला. मग दर सुट्टीत मी लग्नाकार्यात टॉवेलांचे कोपरे चाळत हिंडायचो. लोक आईला विचारायचे, "पोराला काय झालंय? टावेल हुंगत फिरायलाय." तीन वर्षं टॉवेलाचा पत्ता नव्हता.

पीएचडी संपली, तिथंच नोकरी लागली, आणि पुन्हा ईटच्या स्टँडवर तीच पुण्याची गाडी. पुन्हा मामा वाशीहून मोटारसायकलवर आले. न बसणारी टोपी, नारळ, आणि खांद्यावर टॉवेल. मी सहज कोपरा बघितला. निळे चार टाके! मला आनंदानं ओरडायचं होतं. कुणीकुणी दिला, कुणीकुणी घेतला, आणि फिरत फिरत तो ज्यानं पहिल्यांदा दिला त्याच्याकडून ज्याला दिला त्यालाच परत. मी वाकून मामांच्या पायावर डोकंच ठेवलं. मामांचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं भाच्याला भरून आलंय. मला खरं तर माझ्या निबंधाचा शेवट सापडला होता.

तो टॉवेल मी काचेच्या चौकटीत घातला. त्याच्यावर लिहिलेला निबंध सगळीकडं वाचला गेला, त्याच्यावर मी बढत्या घेतल्या. चौकट आमच्या विभागाच्या कॉरिडॉरमध्ये लागली. पूर्ण प्राध्यापक झालो तेव्हा इथल्या पद्धतीप्रमाणं माझं जाहीर भाषण ठेवलं, आणि मी ती चौकट व्यासपीठावर नेली. सगळी गोष्ट रंगवून सांगितली आणि शेवटी म्हणालो, "माझ्या मामांना आजही माहीत नाही की त्यांनी मला माझाच टॉवेल दिला." सभागृह खो खो हसलं. मीही हसलो. ते भाषण विद्यापीठानं इंटरनेटवर टाकलं. माझ्या पुण्यातल्या एका नातलगाला ते सापडलं. त्यानं ते सगळ्या नात्यागोत्याच्या ग्रुपवर टाकलं, आणि कुणाला इंग्रजी कळणार नाही म्हणून खाली मराठीत समजावूनही सांगितलं. 'बापूमामांच्या टावेलावर कॅनडा हसला,' असं लिहिलं होतं त्यानं, अभिमानानं. असल्या नातलगांचं काय करावं, यावर मात्र कुठं शास्त्र नाही.

मामा ग्रुपमधून बाहेर पडले, एवढंच.

त्याच सुमाराला ईटमध्ये आमचं घर उभं राहत होतं. जुनं माळवदाचं घर पाडून तिथं चार खोल्या, वर स्लॅब. तोवर आई-अण्णा शेजारी पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. घर झालं, रंग झाला, नळाला पाणी आलं, वास्तुशांतीची तारीख निघाली. आणि एका सकाळी आईचा फोन. "बापू यीत न्हाय म्हणतोय."

"मग?" मी म्हणालो. मी तेव्हा परीक्षेचे पेपर तपासत होतो.

"मग काय मग? माहेरचा आहेर आल्याबिगर म्या पाटावर कशी बसू? भावानं आणलेलं लुगडं नेसून वास्तूला बसत्यात. माझा एकच भाऊ हाय. तू त्येचं हसं केलंस."

मी आईला समजावलं की भाषणात अपमान नव्हता, उलट गौरव होता, सगळं जग मामांच्या टॉवेलाबद्दल वाचतंय. आई म्हणाली, "जगाला म्हणावं, तू ये लुगडं घिऊन." मग फोन अण्णांकडं गेला. अण्णा मुळात शांत माणूस, पण पत्र्याखाली उन्हाळा काढून त्यांचाही पारा चढला होता. "तुझ्या त्या टावेलापायी घर उभं हाय आन् आत जाता येईना," ते म्हणाले. तारीख पुढं ढकलली. दुसरी काढली, तीही ढकलली. आई रोज जाऊन नव्या घरातल्या फरशा पुसायची आणि शेडमध्ये येऊन चूल पेटवायची. साठी उलटलेली बाई, आयुष्यभर शेणानं जमीन सारवली, आता फरशी आली तर तिच्यावर निजायचं नाही म्हणून हटून बसली. हे ऐकून मी हजारो मैलांवर दात खात होतो. आणि चूक माझी होती, हे कळत होतं, म्हणून जास्तच.

मामांना फोन लावला की मामी उचलायची. "ते कॉइल भरायलेत." दुसऱ्या दिवशी, "ते कॉइल भरायलेत." त्या आठवड्यात वाशी तालुक्यातल्या सगळ्या मोटारी जळाल्या असाव्यात. अखेर एकदा मामांनी स्वतः फोन घेतला. मी माफी मागायला लागलो तर त्यांनी मधेच तोडलं. "त्यो टावेल अजून काचंतच हाय?"

"होय मामा."

"काढ. घिऊन ये. मग बघू." आणि फोन ठेवला.

काढ म्हणणं सोपं. चौकट कॉरिडॉरमध्ये लागली तेव्हाच तिच्या मागं विभागाच्या मालमत्तेचा नंबर चिकटवला होता. ती उतरवायची तर अर्ज. अर्जात एक रकाना, 'काढून नेण्याचे कारण'. मी लिहिलं, मामा रागावले आहेत. ऑफिसमधल्या बाईंनी अर्ज परत पाठवला, कारण स्पष्ट करावे. मी लिहिलं, वस्तूच्या मूळ समाजाची मागणी. लगेच मंजूर! सोबत तीन जणांची अभिनंदनाची पत्रं, की तुम्ही फार संवेदनशील पाऊल उचलत आहात. माझ्या मूळ समाजाला वाशीत पाना-पक्कड घेऊन बसलेला बघितला असता तर त्यांनी काय लिहिलं असतं कोण जाणे. चौकटवाल्यानं टॉवेल पाठीला टाके घालून बसवला होता. ते टाके मी घरी ब्लेडनं एकेक कापले, निळे चार सांभाळून.

वाशीला दुकानात पोचलो तेव्हा मामा खाली बसून मोटारीत तार ओवत होते. मी टॉवेल दोन्ही हातांनी पुढं केला. मामांनी हात मागं घेतला.

"मला कशाला देतूस?"

"तुम्हीच म्हणालात घेऊन ये."

"ज्यानं दिला त्येच्याच हातात परत देत्यात व्हय? म्या दिल्यालं मला परत म्हंजी आपलं तुटलं. एवढं शिकलास, हे न्हाय शिकलास?"

"मग आणायला का सांगितलंत?" माझा आवाज चढला. दोन दिवस विमानात, एक दिवस गाडीत, झोप नाही.

"फिरवायला!" मामांचाही चढला. "दिल्याली वस्तू फिरली पायजे. तू ती काचंत कोंडलीस. जित्राब दावणीला बांधून मारतंय का कुणी?"

मामी आतून पाणी घेऊन आली, आमच्याकडं बघून तांब्या खाली ठेवून तशीच आत गेली. मामांनी तारेचं टोक दातात धरलं, सोडलं, आणि माझ्याकडं न बघता बोलले. ते एका दमात इतकं बोललेले मी त्याआधी कधी ऐकले नव्हते.

"आन् दुसरं. तू भरल्या सभंत म्हणलास, मामाला म्हाईत न्हाय. ह्या डोळ्यांनी म्या दिसभर तार मोजतो. मला निळे चार टाके दिसायचे न्हाईत व्हय? माझ्या घरात दोन वर्सं वाळत पडायचे तुझे कपडे. येरमाळ्याच्या लग्नात त्यो टावेल माझ्या खांद्यावर पडला तवाच वळखला म्या. म्हणलं हे आपल्या पोराचं हाय. ठिवून दिला. वरीसभर ठिवला. तू जायला निघालास तवा मुद्दाम त्योच दिला."

"मुद्दाम?"

"एकदा तुला दिला हुता, तर त्यो घिऊन तू माघारी आलास. म्हणलं, परत त्योच द्यावा. घिऊन जाईल, आन् कुणाला तरी द्यायला परत यील. तर तू त्यो खिळ्याला टांगलास आन् ऱ्हायलास तिकडंच."

मी दुकानाच्या पायरीवर बसलो. मला आधी काय आठवलं ते सांगतो, लाज वाटते तरी. मला निबंध आठवला. माझं सगळं नाव ज्या एका निरीक्षणावर उभं होतं, ते निरीक्षणच नव्हतं. टॉवेल फिरत फिरत आपोआप परत आलाच नव्हता. मी मामांवर नजर ठेवून होतो आणि मामा माझ्यावर. खूण मीच केली, तीही अशी की सगळ्या मराठवाड्यात ती ओळखणारं घर एकच, आणि ते हेच. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं असं केलं असतं तर मी त्याला नापास केला असता. मग हळूहळू दुसरं आठवलं. मामांचे स्टँडवर भरून आलेले डोळे. त्यांना काही गैरसमज झालेला नव्हता. मी पायावर डोकं ठेवलं तेव्हा त्यांना वाटलं होतं, पोरानं ओळखलं. मी वर्षानुवर्षं टॉवेल कुठून कुठं गेला ते बघत राहिलो, आणि तो मला कुणी दिला हे मला दिसलं नाही.

"मामा, चुकलो," एवढंच म्हणालो.

"चुकलासच," मामा म्हणाले. "पाणी पी."

वास्तुशांतीला मामा मोटारसायकलवर नाही, जीप करून आले. मामी, दोन्ही मुलं, सुना, सगळे. आईला हिरवं लुगडं, अण्णांना धोतर, मला टॉवेल-टोपी. प्रत्येक वस्तूवर दुकानाचं स्टिकर तसंच ठेवलेलं, आणि मांडवात चार माणसं बघतील असं मामा ते बोटानं ठोकून दाखवत होते. "नवं हाय. प्रोफेसरसाहेब, तपासून घ्या." सगळा मांडव हसला. भरल्या सभेचा बदला त्यांनी भरल्या मांडवात घेतला आणि मी मान खाली घालून तो घेतला. आई आत जाऊन ते लुगडं नेसून आली. पाटावर बसताना तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, रागानं नाही. स्टिकर पदरावरच राहिलं होतं. ते काढायला मी वाकलो तर तिनं माझा हात झटकला. "ऱ्हाऊ दे. बापूनं लावलंय."

जेवणं व्हायच्या आधी घर बांधणाऱ्या गवंड्याचा मान असतो. मेहबूबभाई पुढं आले. मी निळ्या दोऱ्याचा टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकला. त्यांनी तो बोटांत चोळून बघितला आणि हसले. "क्या सर, ये तो पानी भी नई पीता." मी म्हटलं, माहितीये. "चलता," ते म्हणाले, "किसीको देने के काम आता," आणि घडी करून काखेत मारला. एवढे निबंध लिहून मी जे सांगू शकलो नव्हतो ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. तो टॉवेल पुढं कुठं गेला मला माहीत नाही. मामा लांबून बघत होते. त्यांनी मान हलवली आणि जेवायला बसले.

आता मी परत सस्काटूनला आहे. भिंतीवर रिकामा खिळा आहे. निबंधात दुरुस्ती छापायला पाठवलीय, 'निरीक्षणाखालील व्यक्तीला निरीक्षणाची पूर्ण कल्पना होती.' संपादकांनी विचारलंय, किती व्यक्तींना? मी लिहिलंय, एकाच, पण तीच महत्त्वाची होती. मामांनी दिलेला नवा टॉवेल प्लास्टिकासकट कपाटात होता. आठवड्यात मामांचा फोन आला. त्यांच्याकडं संध्याकाळ, माझ्याकडं सकाळचा चहा.

"दिलास का टावेल कुणाला?"

"इथं कुणाला देऊ मामा? इथं असं कुणी घेत नाही."

मागं मशीनवर तार फिरल्याचा आवाज येत राहिला. मग मामांनी विचारलं, "मंग तिथं तुझं हाय कोण?"

तुमच्यापैकी जे पुण्याला, हैदराबादला, दुबईला गेलात, त्यांनी एकदा स्वतःला हा प्रश्न विचारून बघा. माझे विद्यार्थी आहेत, सहकारी आहेत. ते वाढदिवसाला वस्तू देतात आणि सोबत दुकानाची पावती, आवडली नाही तर बदलून घ्या म्हणून. घेणं-देणं तिथल्या तिथं मिटतं, कुणाचं काही मागं राहत नाही. चांगलीच पद्धत आहे. फक्त काही मागं राहिलं नाही की परत यायचं कारणही राहत नाही. घर म्हणजे काय, असं आता मला कुणी विचारलं तर मी एवढंच म्हणेन, जिथं देणं मिटवून टाकलेलं चालत नाही ते घर. ईटला ते आयतं मिळालं होतं, म्हणून पाण्याच्या टाकीपाशी मी ते डोक्यावरून काढून टाकलं. इथं ते मी कधी सुरूच केलं नाही.

शेजारी वॉल्टर नावाचे आजोबा राहतात. जन्मभर मसूर पिकवला, आता एकटे असतात. बर्फ पडला की स्वतःचं दार साफ करून झाल्यावर न विचारता माझंही करतात, आणि मी दर वेळी खिडकीतून हात हलवतो, बस. त्या सकाळी मी टॉवेल-टोपी घेऊन बाहेर गेलो आणि टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकला. टोपी त्यांना बसली नाही, ते बरोबरच झालं. ते गोंधळले, मग इतके खूश झाले की त्यांनी तिथल्या तिथं टॉवेल काढला आणि माझ्या गाडीची काच खसाखसा पुसली. काच जास्तच खराब झाली. इतकी वर्षं शोधत होतो तो वापरणारा ग्राहक अखेर सापडला, आणि मी कपाळाला हात लावून उभा राहिलो.

मामांना फोन करून सांगितलं. म्हटलं, दिला, पण त्यांनी वापरला हो! आता तो फिरणार नाही.

पलीकडं मामांनी मशीन थांबवलं.

"वापरला तर वापरला," ते म्हणाले. "दुसरा न्यायला ये."

तिकिटं बघायला घेतलीत.